कोचीची ट्रिप ठरवताय? वॉटर मेट्रो धरून ठरवा, सगळा रिव्ह्यू एकत्र देतेय

कोचीला जाणारी आपली बरीच मंडळी तिथे जेमतेम एक रात्र टाकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मुन्नार नाहीतर अलेप्पीची गाडी पकडतात, मग आल्यावर सांगतात की कोचीत काही विशेष नाही, मासेमारीची ती चिनी जाळी बघितली, एक चर्च बघितलं, बाकी नुसता उकाडा आणि ट्रॅफिक. मला हे ऐकलं की खरंच वाईट वाटतं. रस्त्याने फिरलात तर कोची तसंच दिसणार, ते मुळात पाण्यावरून बघायचं शहर आहे, आणि वॉटर मेट्रो, म्हणजे शहर आणि बेटं जोडणारी बोटसेवा, झाल्यापासून ते इतकं सोपं झालंय की म्हातारी माणसं, लहान मुलं, बॅगा सगळं घेऊन आरामात जमतं. म्हणून रिव्ह्यू वॉटर मेट्रोचाच आहे पण त्याच्या ओघात अख्खी ट्रिप कशी बसवायची तेही लिहितेय.

आधी नकाशा डोक्यात बसवा, तो बसला की अर्धं प्लॅनिंग झालंच समजा. रेल्वे स्टेशनं, मोठी हॉटेलं, मॉल, ऑफिसं हे सगळं एर्नाकुलममध्ये. जुनं बघण्यासारखं जे आहे ते पश्चिमेला समुद्राच्या तोंडाशी, फोर्ट कोची आणि मट्टांचेरीत. मधे भलंमोठं पाणी, त्यात विलिंग्डन बेट, आणि उत्तरेच्या बाजूला बोलगाटी, वल्लारपाडम, वायपिन ही बेटं. रस्त्याने फोर्ट कोचीला जायचं म्हणजे विलिंग्डनच्या पुलांवरून तोप्पुंपडीचा वळसा घालायचा, आणि संध्याकाळी त्या पट्ट्यात गाडीत बसून राहण्याची तयारी ठेवायची. तेच एर्नाकुलमच्या हायकोर्ट टर्मिनलवरून बोटीत बसलात तर वीसेक मिनिटांत फोर्ट कोची, आणि ती वीस मिनिटं म्हणजे स्वतःच एक साइटसीइंग आहे.

वॉटर मेट्रोचं उद्घाटन 25 एप्रिल 2023 ला झालं. सुरुवातीला हायकोर्ट ते वायपिन आणि वैटिला ते काक्कनाड असे दोनच रूट होते, फोर्ट कोचीचं टर्मिनल एप्रिल 2024 मध्ये आलं आणि तेव्हापासून आपल्यासारख्या फिरायला येणाऱ्यांच्या दृष्टीने खरी मजा सुरू झाली. 2025 मध्ये मट्टांचेरी आणि विलिंग्डनही जोडलं गेलं. पूर्ण योजना 38 टर्मिनल, 78 बोटी आणि 10 बेटांची आहे, म्हणजे ही टूरिस्टांसाठी काढलेली राइड नाहीये, बेटांवरच्या लोकांना रोज कामाला, शाळा-कॉलेजला जायची सोय म्हणून केलेली सेवा आहे आणि मला ते फार आवडलं. शेजारी डबा घेऊन ऑफिसला निघालेली बाई, समोर कॉलेजची पोरं, त्यात आपण कॅमेरा घेऊन. तिकीट सुरू झालं तेव्हा कमीत कमी 20 आणि जास्तीत जास्त 40 रुपये होतं, आणि एवढ्या पैशात एसी बोट, स्वच्छ केबिन, मोठमोठ्या काचा, लाइफ जॅकेट कुठे आहे ते दाखवणारी पाटी, अजून काय पाहिजे.

बोट बॅटरीवर चालते त्यामुळे डिझेलचा वास नाही की कानात घुसणारा आवाज नाही, आणि ही गोष्ट ज्यांना बोट लागते त्यांना विचारा किती मोठी आहे, कारण पुष्कळ लोकांना लाटांपेक्षा त्या धुराच्या वासानेच मळमळतं. बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत चार्ज होते, टर्मिनलवर बोट थांबली की तिथेच चार्जिंग करता येतं, आणि अडचणीला जनरेटर असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या जुळ्या बुडाच्या बोटी आहेत, म्हणजे खाली दोन समांतर होड्यांसारखा भाग आणि वर रुंद केबिन, त्यामुळे डोलणं खूप कमी. आणि या बनवल्या कोचीन शिपयार्डने, ज्यांनी विक्रांत ही विमानवाहू नौका बांधली, ती 2 सप्टेंबर 2022 ला नौदलात दाखल झाली. आपण ज्या शहरात फिरतोय तिथल्याच गोदीत आपली बोट बनलीय हे कळल्यावर मला तरी त्या बोटीबद्दल एकदम आपुलकी वाटली.

पण सगळ्यात जास्त मार्क मी कशाला देईन माहितीये का, तर चढण्या-उतरण्याच्या जागेला. भरती-ओहोटीने पाणी खालीवर होतं, त्यामुळे जुन्या जेट्टीवर कधी बोट पायरीच्या वर तर कधी खाली, मधे फट, तिथून कुणाच्या तरी हाताला धरून उडी मारायची. इथे टर्मिनलचा धक्काच तरंगता आहे, पाण्याबरोबर तोही वर येतो आणि खाली जातो, त्यामुळे बोटीची फरशी आणि धक्का कायम एका लेव्हलला. व्हीलचेअर सरळ आत जाते. माझ्या आईच्या गुडघ्यांचा त्रास आहे, बोट म्हटली की ती आधीच नाही म्हणते, तुम्ही जा मी हॉटेलवर बसते हे ठरलेलं, आणि इथे ती कुणाचाही हात न धरता आत गेली, खिडकीजवळची सीट पकडली आणि परतीला म्हणाली की गाडीने नको, बोटीनेच जाऊ. घरात कुणी वयस्कर असेल आणि त्यामुळे तुम्ही कोचीचा विचार बाजूला ठेवला असेल तर तो आधी परत काढा.

आता या वीस मिनिटांत दिसतं काय. हायकोर्टवरून निघालं की उजव्या हाताला बोलगाटी, तिथला राजवाडा डचांनी 1744 मध्ये बांधलेला. पुढे वल्लारपाडमचं कंटेनर टर्मिनल, तिथल्या त्या प्रचंड क्रेन आणि खाली रंगीबेरंगी कंटेनरांच्या थप्प्या, मुलं इथे काचेला नाक लावून बसतात. डाव्या हाताला विलिंग्डन. त्या बेटाची गोष्ट बोटीत बसायच्या आधी वाचून ठेवा कारण मग बघण्यात अर्थ येतो. पूर्वी कोची बंदराच्या तोंडाशी वाळूचा मोठा बांध होता, मोठी जहाजं आत येऊच शकत नव्हती, बाहेर समुद्रात थांबायची आणि माल छोट्या होड्यांनी ने-आण व्हायचा. रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंजिनिअर 1920 मध्ये तिथे आला, त्याने तो बांध खोदून काढला, 26 मे 1928 ला पद्मा नावाचं जहाज आतल्या बंदरात शिरलं, आणि खोदून निघालेला गाळ-वाळू टाकून हे विलिंग्डन बेट वाढवलं. म्हणजे तुमच्या डावीकडे जी जमीन दिसते त्यातली बरीचशी समुद्राच्या तळातून वर आलेली आहे. आणि मूळ बंदर तरी कसं झालं, तर 1341 च्या पेरियार नदीच्या महापुरात तिकडे उत्तरेला मुझिरिसचं जुनं बंदर गाळाने भरलं आणि इकडे कोचीचं तोंड मोकळं झालं असं सांगतात. फोर्ट कोची जवळ आलं की एका बाजूला उघडा समुद्र दिसतो आणि किनाऱ्यावर चिनी जाळ्यांची रांग, आणि ती जाळी पाण्याच्या बाजूने बघणं म्हणजे किनाऱ्यावरून बघण्यापेक्षा शंभरपट छान. नशीब असेल तर याच तोंडाशी डॉल्फिनही दिसतात, नजर पाण्यावर ठेवा, मोबाईलवर नको.

कमी काय वाटतं तेही सांगते. केबिन पूर्ण बंद आहे, उघडा डेक नाही, म्हणजे तोंडावर वारा नाही आणि फोटो सगळे काचेतून. आणि एका बोटीत साधारण 100 च माणसं घेतात, त्याच्यावर एकही नाही, जे सुरक्षेसाठी एकदम बरोबर आहे पण त्याचा अर्थ असा की शनिवार-रविवारी संध्याकाळी सूर्यास्त बघून सगळा गाव एकदम परत निघतो तेव्हा फोर्ट कोचीच्या टर्मिनलवर रांग लागणारच. त्यावर उपाय सोपा, सूर्यास्ताच्या तासभर आधी परत फिरा आणि सूर्यास्त बोटीतून बघा, किंवा मग फोर्ट कोचीतच राहा. शेवटची बोट कितीला सुटते ते मात्र उतरल्या उतरल्या तिथेच विचारून ठेवायचं.

वारा पाहिजे असेल तर राज्य जलवाहतूक खात्याच्या साध्या बोटी आहेत, एर्नाकुलमच्या मुख्य जेट्टीवरून सुटतात, महाराजा कॉलेजच्या मेट्रो स्टेशनपासून जवळच. लाकडी बाकं, दोन्ही बाजू उघड्या, तिकीट इतकं स्वस्त की सुट्टे पैसे काढून ठेवावेत. यात चढताना-उतरताना थोडी कसरत आहे त्यामुळे आईला त्यात नेलं नाही, पण माझं प्रामाणिक मत असं की जाताना वॉटर मेट्रो आणि येताना ही बोट, किंवा उलटं, असं एकदा तरी कराच. आणि फोर्ट कोचीवरून समोर वायपिनला जायला रो-रो आहे, तिच्यात गाड्या, स्कूटर, सायकली, माणसं सगळं एकत्र चढतं, काही मिनिटांचाच प्रवास पण बघण्यासारखा. चेराईचा बीच वायपिन बेटाच्या पार वरच्या टोकाला आहे, तिकडे जायचं असेल तर हाच रस्ता.

आता प्लॅनिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, हा वाचला नाही तर ट्रिपचा अर्धा आनंद जाईल. कोचीत कुठल्या वारी काय बंद असतं ते आधी बघा आणि मगच तिकिटं काढा. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद. तिथलंच ज्यूंचं प्रार्थनास्थळ, परदेशी सिनेगॉग म्हणतात ते, शनिवारी बंद, शुक्रवारीही दुपारनंतर धरू नका. इंडो-पोर्तुगीज म्युझियम आणि त्रिपुनितुराचा हिल पॅलेस सोमवारी बंद. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना. आता बघा, आपण सुट्टी वाचवायला म्हणून शुक्रवार-शनिवार-रविवार जातो, नेमके तेच सगळ्यात वाईट वार आहेत, कारण राजवाडा आणि सिनेगॉग एकमेकांच्या अगदी शेजारी आहेत आणि एका फेरीत दोन्ही व्हायला पाहिजेत. मंगळवार ते गुरुवार मिळाले तर उत्तम. वीकेंडच असेल तर मट्टांचेरी रविवारी दुपारी ठेवा आणि शुक्रवार-शनिवार फोर्ट कोचीत पायी फिरा.

फोर्ट कोची सकाळी लवकर. अगदी सात-साडेसातला जाळ्यांपाशी पोचलात तर कोळी काम करताना दिसतात, चार-पाच जण मिळून दोऱ्या ओढतात, मागे बांधलेले मोठाले दगड वजन तोलतात आणि ते अवाढव्य जाळं अलगद पाण्यातून वर येतं. ही जाळी चिन्यांनी आणली की पोर्तुगीजांनी मकाऊवरून आणली यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. तिथून सेंट फ्रान्सिस चर्च चालत. पोर्तुगीजांनी 1503 मध्ये आधी लाकडी बांधलं, मग दगडी. वास्को द गामा 24 डिसेंबर 1524 ला कोचीतच वारला आणि त्याला इथेच पुरलं होतं, नंतर त्याचे अवशेष लिस्बनला नेले, पण थडग्याची जागा आत राखून ठेवलेली आहे. बरेच जण समजतात तो पहिल्यांदा इथेच उतरला, तसं नाही, 1498 मध्ये तो कोळिकोडजवळ उतरला होता. या एकाच इमारतीत पोर्तुगीजांच्या काळात कॅथलिक, 1663 नंतर डचांकडे प्रोटेस्टंट, मग इंग्रजांकडे अँग्लिकन अशा प्रार्थना झाल्या, भिंतीला लावलेल्या डच थडग्यांच्या शिळा निवांत बघा, आणि वर टांगलेले दोरीने ओढायचे कापडी पंखे बघा. सांताक्रूझ बॅसिलिका त्या मानाने नवीन, आत्ताची इमारत 1905 ची, कारण जुनी इंग्रजांनी 1795 मध्ये पाडली. आतली चित्रं मोस्केनीची आहेत, मंगळूरच्या सेंट अलॉयशिअस चॅपलमधली चित्रं ज्याने काढली तोच, मंगळूर बघितलेलं असेल तर लगेच ओळख पटते.

अकरा ते साडेतीन बाहेर फिरू नका, दमट उन्हाने जीव नकोसा होतो, तेवढ्या वेळात जेवण, आराम, नाहीतर वॉटर मेट्रोच्या एसीत बसून वैटिला-काक्कनाडची फेरी. तो रूट टूरिस्ट लोक घेत नाहीत पण दोन्ही काठांवर हिरवंगार आहे, गर्दी कमी, आणि वैटिलाला रेल्वेवाली मेट्रो तिथेच मिळते.

मट्टांचेरीला मात्र घाई करू नका, मला विचाराल तर कोचीचा जीव इथे आहे. राजवाड्याला डच पॅलेस म्हणतात पण मुळात तो पोर्तुगीजांनी 1555 च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला, डचांनी नंतर डागडुजी केली. बाहेरून बघितला तर राजवाडा वाटतही नाही, साधी चौकाची वास्तू, मधे देवीचं देऊळ, आणि त्यामुळेच लोक पंधरा मिनिटांत बाहेर पडतात. असं करू नका! राजाच्या शेजघराच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलेलं आहे, एकही कोपरा मोकळा सोडलेला नाही, गेरू, पिवळा, हिरवा, आणि चेहऱ्यांवरचे ते भाव. खालच्या खोल्यांत शिव-पार्वतीची चित्रं आहेत त्यातली काही अर्धवट राहिलीत, नुसत्या रेषा, त्यामुळे चित्रकार काम कसं करत होते तेही कळतं. मी यासाठी पुन्हा जाईन, फक्त या भिंतींसाठी.

सिनेगॉग 1568 चं. खालच्या निळ्या-पांढऱ्या फरश्या चीनमधून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या, एकीसारखी दुसरी नाही म्हणतात. चपला बाहेर काढायच्या, अंगभर कपडे घालून जायचं. आपल्याला कोकणातले बेने इस्राएल माहीत असतात, हे ज्यू वेगळे, यांच्यातले बहुतेक जण 1948 नंतर इस्राएलला गेले आणि आता फार थोडे उरलेत. बाहेर जू टाउनची गल्ली आणि पुढे बझार रोडवर मिरी, सुंठ, वेलदोड्याची जुनी गोदामं, त्या रस्त्याने नुसतं चालत गेलं तरी कपड्यांना वास लागतो.

आणि एक, ही गोष्ट टूरच्या यादीत कुणी घालत नाही पण मराठी माणसाने जायलाच पाहिजे. मट्टांचेरीत चेरलाई नावाचा भाग आहे, तिथे गोव्यातून सोळाव्या शतकात आलेले गौड सारस्वत राहतात, त्यांचं तिरुमल देवस्वमचं मोठं देऊळ आहे आणि घरात आजही कोकणी बोलतात. डच गव्हर्नर व्हान रीडने मलबारच्या वनस्पतींवर हॉर्टस मलबारिकस नावाचा 12 खंडांचा ग्रंथ काढला, 1678 पासून अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापत गेले, त्याच्या कामात इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट असे तीन कोकणी वैद्य होते, आणि पहिल्या खंडात त्या तिघांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेलं आहे. आपली अक्षरं, 1678 साली, अ‍ॅमस्टरडॅममध्ये. त्या गल्लीत उभं राहिल्यावर हे आठवून मला अक्षरशः भरून आलं.

फोर्ट कोचीत रिक्षावाले अगदी नाममात्र पैशात सगळं फिरवतो म्हणून मागे लागतात, त्यात मधे मधे दुकानांत थांबे असतात, कमिशन मिळतं त्यांना. खरेदी करायची नसेल तर आधीच स्पष्ट सांगा, दुकान नको, आणि भाडं ठरवून बसा. चालता येत असेल तर रिक्षाची गरज फक्त फोर्ट कोची ते मट्टांचेरी एवढीच.

राहायचं कुठे? माझं मत फोर्ट कोचीतला होमस्टे, कारण पहाटेची जाळी आणि रात्रीचे रिकामे रस्ते तिथे राहिलं तरच मिळतात. पुढे सकाळची ट्रेन असेल तर शेवटची रात्र एर्नाकुलमला. कथकली बघणार असाल तर खेळाच्या आधी मेकअप बघायला जा, तो बघणं खेळाइतकंच छान असतं.

सीझन डिसेंबर ते फेब्रुवारी. बिएनाले, म्हणजे साधारण दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, असेल त्या वर्षी तर सोडूच नका, 12 डिसेंबर 2012 ला पहिलं झालं होतं, जुन्या गोदामांत आणि अ‍ॅस्पिनवॉल हाउसमध्ये जगभरचे कलाकार येतात आणि एरवी बंद असणाऱ्या वास्तू आतून बघता येतात. 31 डिसेंबरच्या रात्री फोर्ट कोचीत पापान्जीचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा, पुतळा जाळतात, त्या रात्रीची गर्दी लहान मुलं आणि वयस्करांना घेऊन जाण्यासारखी नसते, तेवढी तारीख टाळा.

वॉटर मेट्रोला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या उघड्या डेकसाठी राखून ठेवलाय.

रेल्वेने येणार असाल तर कोकण रेल्वेवरून मंगला आणि नेत्रावती दोन्ही एर्नाकुलम जंक्शनला येतात, पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं ते बघून घ्या. जंक्शनला तिथे सगळे साउथ म्हणतात आणि टाउन स्टेशनला नॉर्थ, तिकिटावर कुठलं आहे ते नीट वाचा कारण रिक्षावाला तेच विचारणार. दोन्हीकडून मेट्रो स्टेशन जवळ आहे. विमानाने आलात तर नेडुंबसेरीचा विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटर लांब, अलुवापर्यंत बस आणि पुढे मेट्रो. कोची वन कार्ड काढलंत तर तेच मेट्रोला आणि बोटीलाही चालतं, प्रत्येक वेळी तिकिटाच्या खिडकीवर उभं राहायला नको.